चामड्यासाठी जुनी सिंगर १११ : आधी दुरुस्ती, मग मोटर

घरगुती शिलाई मशीनवर चामड्याचे तीन थर घातले की सुई अडते, वरचा थर मागे राहतो, खालचा पुढे सरकतो. बहुतेकांना वाटते, मोटर मोठी लावली की काम होईल. ते होत नाही. जाड मालाला वेग नको असतो. सुई हळू चालतानाही न अडखळता आरपार जायला हवी आणि सगळे थर एकत्र पुढे जायला हवेत. म्हणून या लेखात मोटर उशिरा येते.

पिशव्या, पट्टे, पाकिटे यांसाठी मी सिंगर १११डब्ल्यू१५५ सुचवेन. डब्ल्यू म्हणजे अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टच्या कारखान्यातली. जी असेल तर जर्मनीतली, के असेल तर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. १५५ या आकड्याला महत्त्व आहे, कारण १११च्या प्रत्येक उपप्रकारात सुई, वॉकिंग फूट (वरून माल दाबून सुईबरोबर सरकणारा आतला पाय) आणि खालचे दाते हे तिन्ही मिळून माल ओढत नाहीत. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. चाक हाताने सावकाश फिरवा: सुई मालात असतानाच मागे सरकते का, आणि आतला पाय तिच्याबरोबर जातो का, एवढे पाहा.

रस्त्याकडेच्या चप्पल-बूट दुरुस्तीवाल्यांकडची हाताने फिरवायची, लांब नाकाची मशीन वेगळी. ती ठिगळ लावायला उत्तम आहे. तिला मोटर लावायच्या फंदात पडू नये.

खरेदीआधी काय तपासावे

रंग उडाला असेल तर उडू दे. आत डोकवा. वरचा दांडा आणि खालचा दांडा एका दातेरी पट्ट्याने जोडलेले असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मशीनमध्ये हा पट्टा तडकलेला सापडतो आणि बदलताना वरचा दांडा सरकवून काढावा लागतो. अशक्य नाही, पण किंमत ठरवताना ते काम धरा. मग सुईची दांडी बोटांत धरून हलवा. मागे-पुढे ती हलणारच, कारण सुई माल ओढते. पण वर-खाली खट्ट असा मोकळेपणा जाणवला तर आत झीज आहे. हुकचे, म्हणजे खालून दोरा पकडून टाका बांधणाऱ्या फिरत्या भागाचे, टोक नखावर टेकवून पाहा. ते बोथट किंवा तुटके असेल तर टाके सुटणार.

अडकलेली मशीन मोकळी करणे

चाक फिरत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा गंज नसतोच, जुने तेल वाळून लाखेसारखे घट्ट झालेले असते. प्रत्येक तेलाच्या भोकात आणि सांध्यात रॉकेल सोडा (रॉकेल मिळत नसेल तर डिझेल), रात्रभर राहू द्या, सकाळी चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवा. घाई नको. ही कामे उघड्या हवेत करा, जवळ शेगडी किंवा सिगारेट नको. मोकळी झाली की रॉकेल पुसून काढा आणि शिलाई मशीनचे पातळ पांढरे तेल भरा. रॉकेल हे वंगण नव्हे. त्यावरच मशीन चालवली तर दांडे खरवडतात. गंज काढायचे स्प्रेही वंगण म्हणून चालत नाहीत.

अडलेल्या स्क्रूसाठी खाचेत नेमका बसणारा पेचकस घ्या. सिंगरच्या स्क्रूंचे आटे स्वतःचे असतात, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जोडीदार मिळत नाही, म्हणून खाच खराब करणे महाग पडते. बाहेरून साफ करताना स्पिरिट वापरू नका: सोनेरी नक्षीवर शेलॅकचा थर असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि नक्षी जाते. तेलाचा बोळा पुरे.

टायमिंग

सुई आधी नवीन घाला, मग टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक यांच्या हालचालींचा मेळ, बघा. या मशीनला डीपीएक्स१७ जातीची सुई लागते. चामड्यासाठी कापणाऱ्या टोकाची डीपीएक्स१६ मिळते. सुई सर्वात खाली न्या, मग चाक फिरवून सुमारे अडीच मिमी वर आणा. या क्षणी हुकचे टोक सुईच्या मध्यावर, डोळ्याच्या साधारण दीड मिमी वर असले पाहिजे, आणि सुईला जवळजवळ चिकटून, पातळ कागदाएवढे अंतर ठेवून जावे. तसे नसेल तरी लगेच स्क्रू सैल करू नका. दोरा गुंतला की हुक वाचावा म्हणून या मशीनला सेफ्टी क्लच दिलेला आहे, आणि ‘टायमिंग बिघडलेय’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा फक्त तो क्लच सुटलेला असतो. तो आधी बसवा.

मोटर आणि पुली

आता आकडेमोड. मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली ५० मिमी, मशीनच्या चाकाची खाच १०० मिमी धरली, तर १४४० × ५० ÷ १०० = ७२० टाके मिनिटाला, म्हणजे सेकंदाला १२. पाकिटाचा कोपरा वळवताना हा वेग झेपत नाही. २८५० फेऱ्यांची क्लच मोटर (सतत फिरणारी, पेडल दाबले की मशीनला जोडली जाणारी) लावली तर दुप्पट. म्हणून मध्ये एकास तीनचा रिड्यूसर बसवा, म्हणजे एकाच दांड्यावर मोठी आणि लहान पुली. ७२० चे २४० होतात आणि सुईमागचा जोर साधारण तिप्पट होतो.

सर्व्हो मोटर, ५५० वॅटच्या आसपासची, नवख्यासाठी क्लच मोटरपेक्षा चांगली: गप्प असते, पेडल दाबले तरच चालते, कमाल वेग बांधता येतो. पण अगदी कमी फेऱ्यांवर तिचा जोर कमी पडतो, त्यामुळे पैसे आणखी मोठ्या मोटरवर घालण्यापेक्षा रिड्यूसरवर घाला.

पट्ट्याची लांबी पुल्यांभोवती सुतळी फिरवून मोजा. पुल्या एका रेषेत हव्यात. ताणलेला पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर दबला पाहिजे. जास्त ताण दिला तर बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजतात. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे फिरला पाहिजे. उलट फिरत असेल तर मोटरची दिशा बदला. पट्ट्यावर जाळी किंवा पत्र्याचे आवरण हवेच. अख्खी मशीन लोखंडाची आहे, तेव्हा तीन पिनचा प्लग आणि खरोखर जोडलेले अर्थिंग याबाबत तडजोड नाही. वायरिंगची खात्री नसेल तर वायरमनला बोलवा. सुई बदलताना प्लग काढा.

पहिली शिलाई

बाँडेड नायलॉन दोरा टेक्स ७० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप) असेल तर १८ नंबरची सुई, टेक्स १३५ ला २२. त्याहून जाड दोरा या मशीनवर लादू नका. दाते आणि पाय चामड्यावर ठसे उमटवतात. दिसणाऱ्या बाजूसाठी गुळगुळीत पाय लावा आणि दाब कमी करा. या मशीनला आपोआप तेल मिळत नाही, ते रोज हाताने द्यावे लागते आणि जादा तेल मालावर उतरते, त्यामुळे प्रत्येक वेळी रद्दी तुकड्यावर थोडे चालवून मगच खरे काम खाली घाला.

१५५ ला उलटा टाका नाही. शेवटी तुकडा फिरवून त्याच भोकांतून तीन-चार टाके परत घ्या, दोरा मागच्या बाजूला ओढा, दोन मिमी ठेवून कापा आणि टोक लायटरने जेमतेम वितळवून दाबा.