बाबांसाठी ५०० रुपयांच्या आत कामाचं हत्यार कसं निवडावं?

आमच्या बाबांची हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. पक्कडीच्या एका मुठीवरचं प्लॅस्टिक कधीच निघून गेलं होतं, तिथे त्यांनी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. नवी घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चालतंय की अजून!" असे बाबा घरोघरी आहेत. त्यांना आणखी एक शर्टपीस देण्यापेक्षा चांगलं हत्यार द्यावं, असं मला मनापासून वाटतं. जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डे येतोच, पण त्याहून आपला मुहूर्त म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडली जातात, तेव्हा नव्या हत्यारालाही मानाची जागा मिळते.

आधी डबा उघडा

बाबा बाहेर गेले की त्यांचा डबा बघा. काय नाही यापेक्षा ते कशावर भागवून नेतात, हे शोधा. स्क्रूड्रायव्हरचं टोक गोल झालंय का? मोजायला शिवणाची टेप घेतात का? हातोडीचा दांडा हलतो का? मोबाइल तोंडात धरून स्विचबोर्ड उघडतात का? जिथे अडचण दिसेल तिथेच भेट सापडेल. एक फोटो काढून ठेवा, दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.

मग एकच वस्तू ठरवा

शंभर नगांची चकचकीत पेटी स्वस्तात दिसली तरी मोह टाळा. अशा बऱ्याच पेट्यांतलं लोखंड मऊ असतं. दोन-चार घट्ट स्क्रू काढले की फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक झिजतं आणि स्क्रूची खाचही खराब होते. त्याच पैशात एक नीट वस्तू येते.

माझी पहिली पसंती डोक्याला बांधायच्या टॉर्चला. चाळिशी उलटली की जवळचं बारीक दिसायला जास्त उजेड लागतो, आणि सिंकखाली वाकलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवे असतात. चार्जिंगची घ्या आणि पट्टा सैल-घट्ट होतो ना, तेवढं बघा.

दुसरी पक्कड. घरासाठी ८ इंची पुरते. नाशिकच्या सातपूरला कारखाना असलेल्या तपारियाची पक्कड महाराष्ट्रातल्या बहुतेक हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. घेताना ती मिटून टोकं जुळतात का पाहा, मग कापायच्या धारेत साधा कागद धरून दाबा. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. विजेच्या कामासाठी हवी असेल तर १००० व्होल्टची खूण असलेलीच मागा. नुसत्या रंगीत प्लॅस्टिकच्या मुठीवर विसंबू नका.

५ मीटरची मोजपट्टीही छान. तिच्या टोकाचा पत्रा किंचित हलतो म्हणून परत करू नका. तो पत्र्याच्या जाडीइतकाच हलावा असा मुद्दाम बसवलेला असतो. त्यामुळे कडेला अडकवून मोजा किंवा भिंतीला टेकवून, माप बरोबर येतं. पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी, घेत असाल तर दुकानाच्या काउंटरवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते पाहा आणि त्याच जागी पाणसळीचं डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा काउंटरच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला असेल तर काउंटर तिरपा. बाजू बदलली तर पाणसळीत दोष.

टेस्टर सगळ्यांत स्वस्त. पण देताना एक गोष्ट बाबांना जरूर सांगा. त्यातला छोटा दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर लागतो. पायात रबरी चप्पल असली किंवा लख्ख ऊन असलं की तो अंधूक दिसतो. म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ वीज नाही, असा घेऊ नये. मेन स्विच बंद करूनच हात घालायचा.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू सारखा ढिला होत असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हरचा छोटा संच द्या. आणि हातोडीच डगडगत असेल तर नवी आणूच नका. सुताराकडून बाभळीचा दांडा घालून, पाचर ठोकून आणा. जुनं डोकं आणि नवा दांडा असलेली ती हातोडी बाबा किती वेळ हातात धरून बसतील, बघाच.

दुकानात जाऊन घ्या

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, नाहीतर तुमच्या गावातलं जुनं हार्डवेअर. हत्यार हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन आणि मूठ कळत नाही. बाबांच्या बोटांत संधिवात असेल तर जाड, मऊ मुठीचं घ्या.

देताना

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लोखंड लगेच गंजतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, फडक्याने पुसा आणि मग द्या. घरातलं एखादं रखडलेलं काम त्याच दिवशी काढा आणि टॉर्च धरायला तुम्ही उभे राहा. जुनी पक्कड टाकू नका. विजेजवळ नेऊ नका एवढंच. कुंडीतल्या वेलाला तार वळायला ती अजून चालते.