कायकोऱ्याला थांबण्यापूर्वीची तयारी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्राइस्टचर्चहून, उत्तर बेटाकडे नेणाऱ्या पिक्टनच्या फेरीबोटीकडे गाडीने निघालेले पुष्कळ प्रवासी वाटेतल्या कायकोऱ्याला अर्धा दिवस देतात, आणि तयारीतली पहिली दुरुस्ती इथेच करायला हवी. क्राइस्टचर्चपासून हे गाव सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे अडीच तासांवर आहे. तिथून पिक्टन साधारण १५५ किलोमीटर. सकाळी निघावे, दुपारी देवमासे पाहावेत आणि संध्याकाळची फेरीबोट गाठावी, असा हिशेब नकाशावर आपोआप जुळतो, परंतु त्यात समुद्र धरलेला नसतो. वारा वाढला किंवा लाटा उंचावल्या की देवमासे दाखवणारी बोट सुटत नाही, आणि हे बऱ्याचदा सुटण्याच्या थोडाच वेळ आधी कळते. आमची पहिली खेप अशीच गेली: लख्ख ऊन, डोंगरांवर बर्फ, गावात वाऱ्याची झुळूकही नाही, आणि तिकीट खिडकीपाशी सफर रद्द झाल्याची पाटी. पैसे परत मिळाले, पण संध्याकाळची फेरीबोट ठरलेली असल्यामुळे आमच्याकडे दुसरी सकाळच उरली नव्हती. तेव्हा सामानाच्या आधी मुक्कामाची नोंद करावी: दोन रात्री राहावे, सफरीचे आरक्षण पहिल्या सकाळचे करावे आणि दुसरी सकाळ राखीव ठेवावी.

महिना कोणता निवडावा याची फारशी चिंता नको. गावाच्या दक्षिणेला किनाऱ्यापासून अगदी जवळ समुद्रतळ एकदम खचत जाऊन हजार मीटरपेक्षाही खोल दरी तयार झाली आहे, आणि तिच्यातील खाद्यासाठी स्पर्म व्हेल जातीचे नर या भागात बाराही महिने आढळतात. एरवी ज्या प्राण्यासाठी दूर खोल समुद्रात जावे लागते, तो इथे किनारा नजरेत असतानाच दिसू शकतो. जून-जुलैमध्ये उत्तरेकडे निघालेले हंपबॅक देवमासेही इथून जातात, मात्र तेव्हा दिवस लहान आणि थंडी कडक असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा आणि गर्दीचा काळ, त्यामुळे त्या दिवसांसाठी बोटीचे व मुक्कामाचे आरक्षण काही आठवडे आधी करावे. देवमाशांच्या सफरींचा मोठा व्यवसाय इथल्या माओरी समाजातील लोकांनी १९८७ मध्ये उभा केला आणि गावाचे रूपच त्याने बदलले. आरक्षण करतानाच सफर रद्द झाल्यास दुसरी वेळ मिळते की पैसे, देवमासा दिसलाच नाही तर काय, आणि मुलांसाठी किमान वय किती, हे विचारून लिहून ठेवावे.

यानंतर बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा विषय येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवमासा शोधताना बोट मध्येमध्ये थांबते, आणि धावत्या बोटीपेक्षा थांबलेली बोट अधिक डोलते. मला कधीच बोट लागत नाही असे धक्क्यावर सांगणारी माणसे नेमकी त्या वेळी गप्प होतात. बोटीत चढल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, ती अर्धा ते एक तास आधी पोटात गेलेली हवी. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घरीच एखाद्या सुटीच्या दिवशी ती घेऊन पाहावी, आणि जो गाडी चालवणार आहे त्याने गोळी घेतलेल्या दिवशी पुढचा प्रवास ठेवूच नये. दोन रात्रींच्या मुक्कामाचे हेही एक कारण आहे. क्राइस्टचर्चकडून येताना शेवटच्या टप्प्यात हंडली टेकड्यांची वळणे लागतात, आणि ती उतरून थेट बोटीत चढणे म्हणजे पोटावर दुहेरी संकट ओढवून घेणे होय. सकाळी थोडे, कोरडे खावे, उपाशी मात्र राहू नये. बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला बसावे, नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइल खिशातच राहू द्यावा.

कपड्यांबाबत इतकेच ध्यानात ठेवावे की धक्क्यावर जेवढी थंडी वाटते तिच्यापेक्षा बरीच जास्त बोटीच्या उघड्या भागात वाटते. त्यामुळे एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारे जाकीट घ्यावे. कानटोपी असावी, आणि ओल्या पायऱ्यांवर न घसरणारे बूट असावेत. ढगाळ हवेतही तिथले ऊन त्वचा भाजून काढते, म्हणून सनस्क्रीन पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवावे. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरते. दहापट किंवा त्याहून अधिक शक्तीची दुर्बीण हलत्या बोटीवर प्राण्यापेक्षा स्वतःच्या हाताची थरथरच अधिक दाखवते.

नेमके काय पाहायचे हे आधी माहीत असले, तर हातातले दुर्मीळ क्षण वाया जात नाहीत. बोटीवरील माणसे पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडून देवमाशाच्या खोलवरून येणाऱ्या टकटक आवाजाची दिशा ऐकतात आणि तो थांबला की देवमासा वर येत असल्याचा अंदाज बांधतात. स्पर्म व्हेलची एकच नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाला, डाव्या अंगाला असते, म्हणून त्याचा फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. दूरवरूनही ही खूण पटते. वर आलेला प्राणी साधारण दहा मिनिटे पाण्यावर ओंडक्यासारखा पडून श्वास भरून घेतो. पाठीची कातडी खारकेसारखी सुरकुतलेली, करडी, ऊन पडले की किंचित तपकिरी. छायाचित्रे काढणाऱ्यांनी ही दहा मिनिटे कॅमेरा सज्ज ठेवण्यात घालवावीत, कारण ज्यासाठी सगळे थांबलेले असतात ते फार झटकन होते: श्वास अधिक खोल होतो, पाठीची कमान होते, आणि शेपटी पाणी निथळत उभी राहून सरळ खाली जाते. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आधीच लावून ठेवावा. त्यानंतर तो प्राणी बहुधा चाळीस मिनिटे ते तासभर वर येत नाही. न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांनुसार बोटीने देवमाशाच्या ५० मीटरपेक्षा जवळ जायचे नाही आणि ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी असायच्या नाहीत, म्हणून अजून जवळ चला असा आग्रह कप्तानाकडे धरू नये. लांब पल्ल्याचे भिंग असेल तर तेच न्यावे.

डस्की डॉल्फिनांचे कळप पाहण्यासाठी वेगळ्या सफरी असतात आणि त्यांपैकी काहींत पाण्यात उतरता येते. हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि सकाळी किनाऱ्याजवळ येतात, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत चांगली. पाणी उन्हाळ्यातही गारच असते. जाड रबरी पोशाख सफरवालेच देतात, पण त्यात शिरायला आणि बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा आतला पोहण्याचा पोशाख राहण्याच्या जागीच घालून जावे आणि मोठा टॉवेल व कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत. ज्याला खोल, हलत्या पाण्यात निर्धास्त पोहता येत नाही त्याने बोटीवरूनच पाहावे. यात कमीपणा काहीच नाही. कळपाच्या उड्या वरूनच चांगल्या दिसतात.

फर सील पाहायला ना तिकीट लागते ना बोट, आणि म्हणूनच तिथे लोक निष्काळजी होतात. द्वीपकल्पाच्या टोकाला पॉइंट कीनच्या वाहनतळापाशीच खडकांवर ते पसरलेले असतात. ओहोटीला खडकांवर बरेच पुढे चालता येते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री लिहून घ्याव्यात. सीलपासून किमान २० मीटर दूर राहावे आणि सील व समुद्र यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण बिथरलेला सील पाण्याकडेच धावतो आणि त्याचा वेग त्या लठ्ठ देहाकडे पाहून खरा वाटत नाही. मुलांचा हात धरून ठेवावा. पुष्कळदा आपण ज्याला खडक समजतो तोच डोळे उघडतो, तेव्हा पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी समोरचा प्रत्येक करडा उंचवटा नीट पाहावा.

गाडीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, इंग्रजीत छापलेला मूळ परवाना जवळ ठेवावा आणि टाकी भरून घ्यावी. निघायच्या दिवशी सकाळी मात्र रस्त्याची स्थिती अवश्य तपासावी. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात दरडी कोसळून उत्तरेकडचा मार्ग बंद झाला, तो डिसेंबर २०१७ मध्येच पुन्हा सुरू झाला. समुद्रतळ वर उचलला गेल्यामुळे, देवमाशांच्या सफरी जिथून सुटतात त्या साउथ बेच्या छोट्या बंदरातले पाणी इतके उथळ झाले की बोटींसाठी ते पुन्हा खोल करावे लागले. डोंगर आणि समुद्र यांच्यातील त्या चिंचोळ्या पट्टीवर मुसळधार पावसानंतर आजही दरड पडू शकते. गाडीतच झोपणार असाल, तर कुठे मुक्काम चालतो हे स्थानिक परिषदेच्या नियमांत आधी पाहावे.

शेवटची तयारी दिव्यांची. हटन्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या नैसर्गिक वसाहती जगात फक्त याच गावामागच्या उंच डोंगरांत उरल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये प्रथमच उडून समुद्राकडे निघालेली त्यांची पिल्ले धुक्याच्या रात्री गावातील दिव्यांनी गोंधळून रस्त्यावर उतरतात, आणि तिथून त्यांना स्वतःहून उडता येत नाही. या दिवसांत रात्री गाडी अगदी सावकाश चालवावी, मुक्कामाच्या जागी बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, आणि गाडीत एक रिकामे पुठ्ठ्याचे खोके व जुना टॉवेल ठेवावा. पिल्लू सापडले तर टॉवेलने अलगद उचलून खोक्यात ठेवावे, खायला-प्यायला काही देऊ नये आणि संवर्धन विभागाकडे सोपवावे.

पिक्टनकडे निघताना आणखी अर्धा तास वेगळा काढावा, कारण गावाच्या उत्तरेला ओहाऊ पॉइंटपाशी पुन्हा सील दिसतात आणि तिथे न थांबणे कोणालाच जमत नाही. उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे थांब्याकडे वळताना समोरून येणारी वाहने जाऊ द्यावीत, आणि फेरीबोटीच्या वेळेचा हिशेब हा अर्धा तास धरूनच मांडावा.