नवीन सर-मॅडम, वर्गात या चुका टाळा

कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पहिल्यांदा लागलो तेव्हा डोक्यात एकच होतं, वर्गावर धाक पाहिजे. बीए फर्स्ट इयर, इतिहास, 80-90 पोरं. पहिल्या आठवड्यातच ओरडून ओरडून माझा घसा बसला, वर्ग काही बसला नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशिरा आलेल्याला दारात उभं करून झापणं. मी एकाला असंच लै बोललो, तो खाली मान घालून उभा, अन् नंतर कळलं की त्याच्या गावाहून पहिली एसटीच साडेआठला निघते आणि माझा तास नऊला, मग तो वेळेवर येणार कसा? तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात विचारून घेतो कोण कुठून अपडाऊन करायलंय. उशीर झाला तर मागच्या दाराने गुपचूप येऊन बसायचं, मीही बोलणं थांबवत नाही. पहिली दहा मिनिटं कालची उजळणी, नवीन मुद्दा त्यानंतर. आणि हो, सोयाबीन काढणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रानात असतो, तेव्हा नवीन युनिट काढूच नका.

हजेरीची नावं पुकारत बसलं की दहा मिनिटं गेली अन् तेवढ्यात गलका सुरू. कागद फिरवा, शेवटी डोकी मोजा, सह्या मोजा. चार सह्या जास्त निघाल्या तर तेवढा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि पुढं चालायचं, चोर शोधत बसायचं नाही. "75 टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसू देणार नाही" हे तर बोलूच नका, ते आपल्या हातात नसतं आणि हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं.

प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं, ही पण एक खोड. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी 1970 च्या दशकात हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तर जास्त पोरं बोलतात, उत्तरंही मोठी येतात. तीन सेकंद शांत उभं राहणं काय अवघड असतं ते करून बघा!

मोबाईल हिसकावू नका, हरवला-फुटला तर आपल्याच गळ्यात.

मागच्या बाकावर पोलीस भरतीचं जीके उघडून बसलेल्याचंही पुस्तक ओढू नका. मी त्यालाच विचारलं, ऑपरेशन पोलो (निजामाच्या हैदराबादवरची भारताची लष्करी कारवाई) किती दिवस चाललं? पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "पाच, सर. 13 ते 17 सप्टेंबर 1948." म्हटलं ये, पुढं बस.