फुकटच्या जीआरला गिऱ्हाईक कसं मिळवावं

साताऱ्यात जिल्हाधिकारी कचेरीच्या आसपास जी झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यांपैकी एकात तासभर उभं राहा. माण नाहीतर खटावचा कुणीतरी एसटीने दीड-दोन तास प्रवास करून आलेला असतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आत जातो, पाच मिनिटांत बाहेर येतो. एक दाखला कमी पडलेला असतो. तो दाखला लागतो हे शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या, तिसऱ्या पानावर लिहिलेलं असतं, निर्णय संकेतस्थळावर फुकट असतो, आणि तरी याचा दिवस, भाडं आणि मजुरी गेलेली असते.

या माणसाला कुणी चाळीस रुपयांत नीट यादी दिली असती, तर त्याने आनंदाने घेतली असती. सरकारी योजनांवर छोट्या पुस्तिका छापून विकायचा माझा छोटासा धंदा एवढ्यावरच चालतो. माहितीचे पैसे कुणी देत नाही, हेलपाटा वाचवण्याचे देतात. चार वर्षांत जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम: माणूस ठरवा, विषय नंतर

‘सर्व सरकारी योजना’ असं पुस्तक काढू नका. तसली जाडजूड पुस्तकं स्टँडवर धूळ खात पडलेली असतात, कारण त्यातल्या दोनशे योजनांपैकी घेणाऱ्याच्या कामाची एक असते आणि तीच अर्ध्या पानात उरकलेली असते. त्याऐवजी एक माणूस डोळ्यांसमोर आणा. माणमधला दोन एकरवाला, ज्याला ठिबक करायचं आहे. कवठेमहांकाळचा बेदाणा करणारा, ज्याला शेड बांधायची आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातला निवृत्त जवान, ज्याला मुलीच्या शिक्षणासाठी काय मिळतं ते हवं आहे. त्याच्याशी आधी बोला. काय अडलं, किती वेळा परत पाठवलं, कुठल्या कागदावर गाडी अडकली? ही उत्तरं कुठल्याही संकेतस्थळावर नसतात, म्हणून तुमच्या पुस्तिकेत असली पाहिजेत.

बाजारभावाच्या नादाला लागू नका. हळद, बेदाणा, गूळ यांचे भाव पणन मंडळ रोज जाहीर करतं आणि सांगलीच्या यार्डातला भाव शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर तुमच्या आधी पोचलेला असतो.

विकायची परवानगी आहे का?

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. ‘सरकारी माहिती म्हणजे जनतेच्या मालकीची, बिनधास्त छापा’ हा सल्ला अमेरिकेतून आलेला आहे. तिथे संघ सरकारच्या कामावर कॉपीराइट नसतो. आपल्याकडे असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी लेखनाचा पहिला मालक सरकार, आणि तो हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो.

पण त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये दारं उघडी ठेवली आहेत. राजपत्रात, म्हणजे सरकारच्या अधिकृत प्रकाशनात, आलेला मजकूर छापता येतो. विधिमंडळाने केलेला कायदा नुसता छापता येत नाही, मात्र सोबत तुमचं भाष्य किंवा स्वतःचा काही मजकूर असेल तर येतो. सभागृहात मांडलेला समितीचा अहवाल चालतो. न्यायालयाचा निकाल चालतो. शेवटच्या दोन्हींना अट एकच, तो छापायला मनाई केलेली नसावी. निकालांबाबत एक खबरदारी घ्या. निकाल फुकट असला, तरी कायद्याच्या नियतकालिकांनी त्यावर घातलेला सारांश फुकट नसतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हाच फरक केला. तेव्हा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि सारांश स्वतः लिहा.

मग रोजचा जीआर? तो सहसा राजपत्रात नसतो, म्हणून जसाच्या तसा छापून विकायला जाऊ नका. पण त्यातली माहिती, म्हणजे किती टक्के, कोण पात्र, कुठले कागद, यावर कुणाची मालकी नसते. ती स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या मांडणीत लिहा. नाहीतरी जीआरची भाषा वाचून कुणाला काय कळतं?

केंद्राच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरचे तक्ते २०१७ च्या खुल्या परवान्याखाली मिळतात. ते धंद्यासाठीही वापरता येतात, मात्र स्रोत लिहावा लागतो. इतर सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी कॉपीराइट धोरणाची ओळ असते. ती दर वेळी वाचा, काही ठिकाणी आधी मेल पाठवून परवानगी घ्यावी लागते.

फुकट उतरवता येतं म्हणजे विकता येतं असं नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, हक्क मंडळाचे आहेत. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचंही तेच. पहिला खंड १९७६ चा, म्हणजे साठ वर्षं अजून भरलेली नाहीत.

जीआर उलटा वाचा

जीआरच्या वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. नवखा माणूस ती सोडून देतो. मी सुरुवात तिथूनच करतो. यादीतला प्रत्येक निर्णय काढायचा आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने लावायचा. मग ‘अधिक्रमित’, ‘शुद्धिपत्रक’, ‘सुधारणा’ हे शब्द शोधायचे. अधिक्रमित म्हणजे आधीचा निर्णय मेला. शुद्धिपत्रक दिसायला एक पानाचं असतं, पण त्यात एखादी अट पूर्ण फिरलेली असते. प्रत्येक निर्णयाला लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. तो वहीत उतरवून ठेवा, सहा महिन्यांनी शोधताना तोच उपयोगी पडतो. जुन्या फाइलींतला मजकूर कॉपी केला तर कचरा उमटतो, तो हातानेच टाइप करावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझी पहिली पुस्तिका ठिबकवर होती. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या, अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान, आणि छापून मोकळा झालो. वडूजच्या एका ठिबकवाल्या दुकानदाराचा फोन आला, “अहो, राज्याचं पुरवणी अनुदान कुठंय?” केंद्राच्या आकड्यावर राज्य आपली भर घालत होतं आणि ती धरून ८० आणि ७५ टक्के होत होते. केंद्राचा कागद खरा, राज्याचा कागद खरा, आणि माझी पुस्तिका चुकीची. उरलेल्या तीनशे प्रतींवर घरच्यांनी बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हापासून नियम असा, की कुठलाही आकडा केंद्र आणि राज्य अशा दोन्हीकडचे कागद पाहिल्याशिवाय छापायचा नाही, आणि छापण्याआधी त्या धंद्यातल्या एका माणसाला वाचायला द्यायचा.

एखादी गोष्ट संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन रुपये, मुदत तीस दिवस. प्रश्न नेमका विचारा. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तरही तसंच येतं.

मांडणी

पहिल्या पानावर कागदपत्रांची यादी, चौकोनांसह, खूण करता येईल अशी. प्रत्येक कागदापुढे तो कुठे मिळतो, किती दिवस लागतात, किती जुना चालतो. पुढे अर्जाची पायरी-पायरीने वाट, मोबाइलवर दिसते तशी. शेवटी अर्ज का फेटाळले जातात त्याची कारणं. हे शेवटचं पान सगळ्यात जास्त वाचलं जातं. अक्षर मोठं ठेवा, चष्मा विसरून आलेल्यालाही वाचता आलं पाहिजे.

आणि मुखपृष्ठावर ठळक तारीख घाला: ‘अमुक तारखेपर्यंतच्या निर्णयांवर आधारित’. खाली दुसरी ओळ: ‘हे खासगी प्रकाशन आहे, शासनाशी संबंध नाही’. ही ओळ टाकली तर विक्री घटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. राजमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाच्या सिंहांचं चिन्ह, मात्र चुकूनही छापू नका. २००५ च्या कायद्यानुसार तिच्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘शासनमान्य’ हा शब्दही वापरायचा नाही.

जुन्या गॅझेटिअरचा वेगळा रस्ता

योजनांच्या पुस्तिका सहा महिन्यांत शिळ्या होतात. ज्यांना न नासणारा माल हवा, त्यांनी जुन्या कागदांकडे वळावं. माझा खरा जीव इथेच रमतो.

गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सातारा खंड १८८५ चा. त्यावर आता कुणाचाच हक्क नाही. साताऱ्याची सुधारित आवृत्ती १९६३ ची, तीही १ जानेवारी २०२४ पासून मोकळी झाली. सांगलीचा सुधारित खंड १९६९ चा आहे, त्याला २०३० उजाडेपर्यंत थांबावं लागेल. पुनर्मुद्रणाला जोडलेली नवी प्रस्तावना आणि नवे नकाशे मात्र सोडून द्या, त्यांची साठ वर्षं वेगळी मोजली जातात.

सांगलीकरांनी शोधताना एक लक्षात ठेवावं. १८८५ मध्ये तासगाव, वाळवा, खानापूर हे सातारा जिल्ह्यातले तालुके होते, त्यामुळे त्यांची माहिती सातारा खंडात मिळते. खुद्द सांगली आणि मिरज संस्थानांत होती, ती तिथे तालुके म्हणून सापडत नाहीत. १९५१ च्या जनगणनेत सांगली जिल्हा शोधलात तर हाती काही लागणार नाही, तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० मध्ये आलं.

यातून माल कसा करायचा? एक गाव घ्या. गॅझेटिअरमधली त्या गावाची नोंद मराठीत आणा, १९५१ च्या जनगणनेतली गावची लोकसंख्या घ्या, पुढच्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडा, गावातल्या म्हाताऱ्यांकडून चार आठवणी घ्या. सोळा पानं होतात. जत्रेच्या आधी महिनाभर ग्रामपंचायतीला किंवा जत्रा कमिटीला दाखवा. पुण्या-मुंबईला गेलेली गावकरी मंडळी जत्रेला येतात आणि एकेक जण पाच-पाच प्रती नेतो. साहेबी काळातल्या नोंदी जशाच्या तशा मात्र घेऊ नका. जातींबद्दल त्यांत जे लिहिलंय ते आज गावात वाचून दाखवण्याजोगं नाही, आणि गावांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग पाहून फसायला होतं.

काय विकू नये

लाभार्थ्यांच्या याद्या, त्यांचे मोबाइल नंबर, सातबाऱ्यावरची नावं गोळा करून कुणाला विकू नका. यादी संकेतस्थळावर उघडी असली तरी ती माणसं विकायला ठेवलेली नाहीत, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच. डिजिटल सहीचा सातबारा सरकार पंधरा रुपयांत देतं. तो काढून शंभरला विकणं याला मी धंदा म्हणत नाही. पुराची माहितीही विकायची नाही. कोयनेतून विसर्ग वाढला आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली, की जे हाताशी असेल ते फुकट वाटायचं.

ठेकेदारांना निविदांच्या बातम्या पुरवणं हा चांगला मासिक धंदा आहे, पण रोज सकाळी नेमाने बसणाऱ्याचा. महाटेंडर्स या राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावरून फक्त आपल्या तालुक्यातल्या, आपल्या रकमेतल्या निविदा निवडून पाठवायच्या. मुदतवाढीचं शुद्धिपत्रक एकदा जरी चुकलं तर गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा.

छपाई आणि हिशेब

पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. १९५४ च्या कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठराविक ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. दर महिन्याला छापील अंक काढायचा विचार असेल तर नियतकालिकाची नोंदणी वेगळी करावी लागते, म्हणून मी पुस्तिकाच काढतो.

माझ्या एका पुस्तिकेचा हिशेब सांगतो. चोवीस पानं, पाचशे प्रती, प्रत चौदा रुपयांना पडली, म्हणजे सात हजार. किंमत चाळीस, त्यातले दहा दुकानदाराचे. खपल्या चारशे चाळीस. हातात आले तेरा हजार दोनशे, छपाई वजा जाता सहा हजार दोनशे. हे तीन आठवड्यांच्या कामाचे. नोकरी सोडावी एवढे नाहीत. वर्षाला सहा-सात पुस्तिका, दोन-तीन गावांची कामं आणि थोडं सल्ल्याचं मिळून घर हलकं होतं इतकंच.

विक्रीला पुस्तकांच्या दुकानांपेक्षा कृषी सेवा केंद्रं, झेरॉक्सवाले आणि कराडचं नोव्हेंबरातलं कृषी प्रदर्शन बरं. प्रत्येक प्रतीत माझा नंबर असतो. ‘बदल’ असा मेसेज केला तर नवीन निर्णयाची चिठ्ठी फुकट पाठवतो. त्या नंबरांवरूनच पुढच्या पुस्तिकेची निम्मी विक्री होते.

उरलेल्या जुन्या प्रती रद्दीत घालताना मुखपृष्ठ आणि आकड्यांची पानं फाडून घालतो. चिठ्ठ्या न चिकटवलेली ती पहिली ठिबकची पुस्तिका दोन वर्षांनी मला कोरेगावच्या एका दुकानात टांगलेली दिसली होती. चाळीस रुपये देऊन मीच ती विकत घेतली.