घरचा मीडिया सर्व्हर: डिस्क आणि नेटवर्क जोडताना या चुका टाळा

जेलीफिनची (घरच्या डिस्कवरचे पिक्चर टीव्हीवर, मोबाइलवर दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) लायब्ररी रिकामी दिसली की बरेच जण आधी जेलीफिनच काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काहीच सुटत नाही. घोळ बहुतेक वेळा डिस्क आणि सर्व्हरच्या मध्ये असतो, नाहीतर सर्व्हर आणि टीव्हीच्या मध्ये. इथे रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्याला यूएसबी हार्ड डिस्क आणि त्यावर जेलीफिन अशी मांडणी गृहीत धरली आहे.

मला फाइल दिसतात, जेलीफिनला नाही

सगळ्यात जास्त वेळ हीच चूक खाते. डेस्कटॉपवाल्या लिनक्सवर डिस्क लावली की ती आपोआप 'मीडिया' फोल्डरमध्ये, तुमच्या युजरनेमच्या फोल्डरखाली माउंट होते, म्हणजे जोडली जाऊन एका फोल्डरसारखी दिसते. तुम्हाला सगळं उघडतं. पण जेलीफिन तुमच्या नावाने चालत नाही, त्याचा युजर वेगळा असतो आणि त्या मधल्या फोल्डरमध्ये शिरायचीच त्याला परवानगी नसते. मग लोक वैतागून आतल्या फाइलींवर सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारतात. दिंडी दरवाजाच बंद असताना आतल्या खोल्या उघड्या ठेवून काय उपयोग? डिस्क 'एमएनटी' फोल्डरखाली कायमची माउंट करा आणि जेलीफिनच्या युजरला वाचायची परवानगी द्या. विंडोजवरून आलेली एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) डिस्क असेल तर परवानग्या माउंटच्या ओळीतच लिहा. नंतर सीएचमॉड (परवानग्या बदलायची कमांड) चालवून बहुधा फरक पडत नाही.

एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेली फाइल) डिस्कची 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं लिहू नका. दोन डिस्क असतील तर रीस्टार्टनंतर ती अदलाबदल होऊ शकतात, म्हणून यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) वापरा. सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) लिहा, नाहीतर डिस्क नसेल तेव्हा पाय बूट होताना अडकेल आणि त्याला मॉनिटर शोधत बसावं लागेल.

नोफेलची एक गंमत मात्र माहीत असू द्या. डिस्क जोडली गेली नाही तरी तिचा रिकामा फोल्डर एसडी कार्डावर असतोच. डाउनलोड त्यातच पडत राहतात आणि कार्ड भरतं. पुढे डिस्क नीट माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. कार्ड भरलेलं दिसतं, पण कशाने ते कळत नाही. डिस्क अनमाउंट करून त्या फोल्डरात डोकावा.

कॉपी करताना डिस्क मध्येच गायब होत असेल तर आधी पॉवर तपासा. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. दोन पोर्टेबल डिस्क लावायच्या तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

नेटवर्कची भानगड

राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता राखून ठेवा. फायबरवाल्याचा राउटर आणि त्यामागे आपला, असे दोन असतील तर बाहेरच्या राउटरवरच्या टीव्हीला आतल्या राउटरमागचा सर्व्हर दिसणार नाही. आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वाय-फाय देईल, विषय संपला.

फोरके पिक्चर अडखळतोय म्हणून टीव्हीला लॅन केबल लावली आणि तरी अडखळतोय? बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, आणि फोरके ब्लू-रेचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) १२८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो. अशा टीव्हीला ५ गिगाहर्ट्झ वाय-फायच बरं. चारच तारा क्रिंप केलेली केबलसुद्धा गिगाबिटला १०० वर आणते.

विंडोज ११ वरून सांबा शेअर (लिनक्सवरचा, विंडोजला दिसणारा सामायिक फोल्डर) उघडत नसेल तर एसएमबी १ (फाइल शेअर करायची जुनी पद्धत) चालू करायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच्याच त्रुटीतून. पासवर्ड नसलेला गेस्ट प्रवेश नवीन विंडोज नाकारतं, तेव्हा सांबाचा युजर बनवून पासवर्ड द्या.

घराबाहेरून बघायचंय

पोर्ट फॉरवर्ड करण्याआधी (बाहेरून सर्व्हरपर्यंत राउटरमधून वाट उघडण्याआधी) राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे, पोर्ट उघडून काही होणार नाही. आणि उघडता येत असला तरी उघडू नये असं माझं मत: जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवणारी) यंत्रं शोधून फाइली एन्क्रिप्ट केल्या होत्या. टेलस्केल (तुमची यंत्रं इंटरनेटवरून खाजगीपणे जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, सीजीनॅटमागूनही चालतं. चाचणी मात्र मोबाइलचं वाय-फाय बंद करून, डेटावर घ्या.