ड्रायव्हर अपडेट करताय? या चुका टाळा

आवाज येतोय, वायफाय तुटत नाही, प्रिंटर नीट छापतोय, आणि तरीही ‘नवा आलाय’ म्हणून ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांना जोडणारं सॉफ्टवेअर) बदलायचा, ही सगळ्यांत मोठी चूक. चालत्या ड्रायव्हरला हात लावायला दोन कारणं पुरेशी आहेत: सुरक्षेतली त्रुटी बुजवणारी आवृत्ती आली असेल, किंवा नव्या गेमला वा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्सचा ताजा ड्रायव्हर लागत असेल. बाकी वेळी राहू द्या.

तारीख पाहून तर मुळीच घाबरू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) एखाद्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ दिसली की अनेकांना वाटतं, आपलं विंडोज कुठल्या जमान्यात अडकलंय! विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर ही तारीख मुद्दाम घातलेली असते. उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर त्यापुढे नेहमी नवा ठरावा आणि विंडोजने तोच निवडावा, हा हेतू. इंटेलच्या चिपसेट फाइलींवर चक्क १८ जुलै १९६८ सापडते. ती कंपनीच्या स्थापनेची तारीख. तेव्हा पाहायचा तो आवृत्तीचा क्रमांक.

‘तुमचे अमुक इतके ड्रायव्हर कालबाह्य झालेत’ असं लाल अक्षरांत ओरडणारी ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअर याच भीतीवर जगतात. माझं मत स्पष्ट आहे: ती टाकूच नका. लॅपटॉपच्या उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी जुळवून घेतलेला ड्रायव्हर काढून सर्वसाधारण ड्रायव्हर बसला, की टचपॅडचे जेश्चर किंवा फंक्शन बटणं बंद पडू शकतात. लॅपटॉप असेल तर उत्पादकाच्या सपोर्ट पानावर आपलं नेमकं मॉडेल शोधा, डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डचं पान पाहा. ग्राफिक्स कार्डासाठी थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल. विंडोज अपडेटमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही ड्रायव्हर असतात, पण तिथे दिसला म्हणून तो टाकलाच पाहिजे असं नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या उपकरणावर पिवळा त्रिकोण दिसला की लगेच डाउनलोडच्या मागे धावू नका. त्या डिव्हाइसवर डबल क्लिक करून कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. २२ म्हणजे डिव्हाइस डिसेबल केलेलं आहे; उजवं क्लिक करून एनेबल केलं की काम झालं. ४३ म्हणजे डिव्हाइसनेच बिघाड कळवलाय. ते यूएसबीवरचं असेल तर आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा. नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर डिटेल्स टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीईएन (VEN, म्हणजे उत्पादक) या अक्षरांनंतर ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रिअलटेक. त्यापुढे डीईव्हीचा (DEV) क्रमांक असतो, त्यावरून नेमकी चिप कळते.

विंडोज नव्याने टाकताना बरेच जण स्वतःची कोंडी करून घेतात. वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. फॉरमॅट करण्याआधीच लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते: सेटअप डिस्क निवडायच्या पायरीवर पोहोचतं आणि यादी रिकामी. एसएसडी मेली असं समजू नका. तिथे व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा (इन्स्टॉलरची एकच फाइल ठेवून भागत नाही) आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा. बायोसमधून (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमधून) व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही मिळेल. कोऱ्या इन्स्टॉलसाठी तो ठीक, पण आधीच बसलेल्या विंडोजवर हा खेळ केलात तर मशीन बूट व्हायचं थांबू शकतं.

अपडेटनंतर बिघडलं तर आणखी नवी आवृत्ती शोधण्याऐवजी आधी मागे या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ त्यासाठीच आहे. ते बटण फिकं असेल तर मागची आवृत्ती शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल करा, पण ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. ती नसेल तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच ड्रायव्हर पुन्हा बसवतं आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता. ग्राफिक्सचं दुखणं फारच चिवट असेल तर सेफ मोडमध्ये, नेट तोडून, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) चालवा. दर अपडेटला ते चालवणारेही आहेत, गरज नसते. स्क्रीन अचानक काळी झाली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

जुनं उपकरण चालावं म्हणून ड्रायव्हरची डिजिटल सही (तो खरा कुणाचा याची खूण) तपासणं किंवा ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही विंडोजची सुरक्षा बंद करणं मात्र महागात पडू शकतं. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा ड्रायव्हर चुकला की अख्खं मशीन कोसळतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे असंच झालं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आणि ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, त्यासाठी सही बंद करून काहीच हाती लागत नाही.

वायफाय मधूनच तुटतंय? ड्रायव्हर बदलण्याआधी त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी काढून घ्या आणि एखादा दिवस वापरून बघा.