लिम्फेडेमाच्या पायावर प्रेशरचा मोजा कसा चढवावा

लिम्फेडेमा म्हणजे लिम्फ हा शरीरातला द्रव साचून आलेली सूज. त्यासाठीचा प्रेशरचा मोजा, म्हणजे पाय दाबून धरणारा घट्ट मोजा, सकाळी उठल्या उठल्या चढवा. रात्रभर आडवं राहिल्याने सूज तेव्हा सर्वांत कमी असते. उशीर केला की तेच काम कुस्ती होऊन बसतं. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला आणि रबरी हातमोजे घालून तळहातांनी थोडा थोडा वर सरकवा. लांब वाटला तरी वरची कड दुमडू नका, घडीखाली दाब वाढून पाय आवळला जातो. मॉइश्चरायझर रात्रीच लावा. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या हव्यात, तिथल्या चिरांतून जंतू शिरतात.

मोजा घालून नुसतं बसू नका. चाला, घोटे हलवा. पोटरीचे स्नायू त्या दाबाविरुद्ध आकुंचन पावतात तेव्हाच लिम्फ नीट वर ढकलली जाते. साधारण ६ महिन्यांत मोजा सैलावतो, मग पुन्हा माप देऊन नवा घ्या.

दाब किती हवा हे डॉक्टरांनीच ठरवावं, कारण धमन्यांत अडथळा असेल तर हा दाब घातक ठरू शकतो. बोटं निळी किंवा बधिर झाली तर मोजा लगेच काढा. पाय अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.